गांधीलमाशी आणि आयुष्याचा हिशेब

मनुष्याने आपले आयुष्य कशावर खर्च करावे याचा निवाडा ज्याचा त्याने करावा, असे आपण सर्वच जण मानतो. परंतु घरातला एखादा बुद्धिमान मुलगा स्पर्धापरीक्षांची रुळलेली वाट सोडून गांधीलमाश्यांच्या अभ्यासाला निघाला, म्हणजे तोच निवाडा घरातील प्रत्येक वडीलधाऱ्याला आपल्या हाती घ्यावासा वाटतो. वाईला माझे शेजारी असलेले रावसाहेब, ज्यांनी महसूल खात्यात कारकुनापासून प्रारंभ करून मामलेदारीपर्यंतची चाकरी निष्कलंक केली आणि ज्यांच्या तोंडी आजही जमाबंदी, फेरफार आणि वारसनोंद हे शब्द स्वाभाविकपणे येतात, त्यांच्या नातवाने असाच मनोदय प्रकट केला, तेव्हा त्यांनी बंगळूरहून सुटीवर आलेल्या आपल्या भाचीला चर्चेसाठी बोलावून घेतले. ही भाची स्वतः कीटकशास्त्रज्ञ असून मधमाश्या आणि गांधीलमाश्या हाच तिच्या अभ्यासाचा विषय आहे. मला त्यांनी तिऱ्हाईत म्हणून बसवले होते. माझा कल भाचीच्या पक्षाकडे आहे हे आरंभीच सांगून टाकतो. तथापि रावसाहेबांचे आक्षेप केवळ वृद्धाच्या काळजीतून निघालेले नव्हते, आणि त्यांतील काहींना पुरते उत्तर मिळाले असे मला अद्याप वाटत नाही.

रावसाहेबांनी सुरुवात मधमाशीपासून केली. "मधमाशीवर कोणी आयुष्य वेचले तर ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "महाबळेश्वराच्या बाजूला सातेरीच्या पेट्यांवर संसार उभे राहिलेले मी नोकरीत असताना पाहिले आहेत. पुण्याला १९६२ सालापासून मधमाशी-संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, आणि अलीकडे, २०२२ साली, मांघरला मधाचे गाव म्हणून मान मिळाला. तिथे खर्ची पडलेला पैसा मधाच्या, मेणाच्या आणि फळलेल्या पिकाच्या रूपाने रयतेकडे परत जातो. पण गांधीलमाशी मध देत नाही, मेण देत नाही, आणि वळचणीला घर करून येणाऱ्या-जाणाऱ्याला डसते. तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून पगार का द्यावा, आणि आमच्या मुलाने पंचविशीपासून साठीपर्यंतची वर्षे तिच्यासमोर बसून का घालवावीत, हे तू मला सांग."

या आक्षेपाला उत्तर देणे भाचीला अवघड नव्हते. "मामा," ती म्हणाली, "तुमच्या परसातल्या औदुंबराला तुम्ही रोज नमस्कार करता. त्याच्या फळात जी केंबरे निघतात, त्यांत उंबराचे परागण करणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या असतात. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते, तिच्या अंगावरच्या परागांनी आतली फुले फळतात, आणि तिची पुढची पिढी तिथेच वाढते. त्या नाहीशा झाल्या तर औदुंबराला बी धरणार नाही. उसातल्या खोडकिडीसाठी शेतकरी जी ट्रायकोकार्डे लावतात, त्यांवर चिकटवलेल्या अंड्यांतूनही एक अतिसूक्ष्म गांधीलमाशीच बाहेर पडते, आणि ती किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. २००८ साली कोइमतूरच्या परिसरात पपईवर बाहेरदेशचा एक पिठ्या ढेकूण आला आणि तुतीपासून टॅपिओकापर्यंतच्या पिकांवर पसरला. फवारण्या हरल्या. २०१० साली प्वेर्तो रिको बेटावरून तीन जातींच्या परजीवी गांधीलमाश्या बंगळूरला आणण्यात आल्या, आणि त्यांतल्या असेरोफेगस पपाये या जातीने ती कीड आटोक्यात आणली. तीळभरही नसलेली ही माशी दिसायला तिच्यासारख्याच असलेल्या इतर जातींपासून निराळी ओळखता यावी लागते, आणि ती ओळख पटवणारी माणसे आपली उमेदीची वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली घालवून बसलेली असतात."

रावसाहेबांची मुद्रा सैल झाली. हा दाखला त्यांना पटण्याजोगा होता, आणि वाद इथेच मिटणार असे मला वाटले. परंतु भाचीने स्वतःच तो मिटू दिला नाही. "हे सर्व खरे असले तरी त्याच्या आधारावर मी माझा खटला जिंकू इच्छित नाही," ती म्हणाली. "उपयोगाचा दाखला दाखवून आज हा विषय मंजूर करून घेतला, तर उद्या ज्या माशीचा काहीच उपयोग दाखवता येणार नाही ती कोणी अभ्यासू नये, हेही मला मान्य करावे लागेल. आणि तुमच्या नातवाला ज्या माशीने ओढून घेतले आहे ती तशीच आहे. तिचे शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. ती आपल्या द्वीपकल्पात सर्वत्र आढळते. वळचणीला, खिडकीच्या वर, कागदासारख्या पदार्थाचे, उघड्या षट्कोनी कोठड्यांचे छोटे पोळे करते. आणि तिच्यापासून कोणाला एक पैचाही फायदा झाल्याचे मला ठाऊक नाही."

"मग तुझी कैफियत तरी काय?" रावसाहेबांनी विचारले.

भाचीने उत्तरादाखल राघवेंद्र गदगकरांचे चरित्र सांगितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्यांनी १९७९ साली पीएच.डी. मिळवली ती रेण्वीय जीवशास्त्रात, जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूवर; गांधीलमाश्या पाहणे ही तोवर त्यांची फावल्या वेळची आवड होती. त्या काळात रेण्वीय जीवशास्त्र हे प्रतिष्ठेचे आणि भवितव्याची हमी असलेले क्षेत्र असताना त्यांनी ते सोडले, आवडीलाच व्यवसाय केले, आणि पुण्याच्या माधव गाडगीळांनी त्याच संस्थेत उभारलेल्या परिस्थितिविज्ञानाच्या केंद्रात राहून मुख्यतः या एका जातीवर पुढची दशके काढली. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन तिला स्वतःची ओळख द्यायची, आणि मग ती बसते किती, भांडते किती, पोळ्याबाहेर असते किती याची नोंद तासन् तास ठेवायची, ही त्यांची पद्धत. यंत्रसामग्रीचा खर्च इतका अल्प, की नगण्य खर्चात अव्वल संशोधन कसे करावे या विषयावर त्यांनी पुढे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. १९९३ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २००१ साली या एकाच माशीच्या सामाजिक जीवनावरचा त्यांचा ग्रंथ हार्वर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला, आणि पुढे ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

"यशस्वी माणसाचे उदाहरण देऊन धंद्याची शिफारस करता येत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि मला हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा वाटला. "वाट चुकून नाहीसे झालेले दहाजण कोणाच्या ग्रंथात येत नाहीत. शिवाय पुरस्कार आणि अध्यक्षपद हे मला मोठे वाटेल असे समजून तू सांगितलेस. पण त्यांना त्या माशीत सापडले काय, हे अजून तू सांगितले नाहीसच."

भाची मनापासून हसली, कारण तिला हवा होता तो प्रश्न त्यांनी विचारला होता. "या पोळ्यात एकच मादी अंडी घालते," तिने समजावून सांगितले. "बाकीच्या तिच्या अंड्यांना राखतात, अन्न आणतात, कोठड्या बांधतात, आणि बहुतेक जणी स्वतःची संतती न होताच मरतात. मधमाशीतही असेच घडते. पण मधमाशीची राणी देहानेच निराळी असते, कामकऱ्यांना तिच्यासारखे होण्याचा मार्ग जवळजवळ बंदच असतो. रोपालिडियामध्ये राणी आणि दासी एकसारख्या दिसतात. यांतली कोणतीही मादी पोळे सोडून जाऊ शकते आणि एकटीने नवे पोळे बांधू शकते. काही जणी तसे करतातही. मग बाकीच्या का राहतात? १९६४ साली इंग्लंडच्या विल्यम हॅमिल्टनने याला एक उत्तर दिले होते. मुंग्या-मधमाश्यांच्या कुळात नर फलित न झालेल्या अंड्यांतून जन्मतात. त्यामुळे एका आईबापाच्या सख्ख्या बहिणींमध्ये तीन-चतुर्थांश नाते पडते, आणि स्वतःच्या मुलीशी मात्र अर्धेच. म्हणून बहिणी वाढवणे हे मुली वाढवण्यापेक्षा लाभाचे ठरू शकते. उत्तर मोठे देखणे होते. पण गदगकरांच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नाते मोजले, तेव्हा असे दिसले की राणी एकाहून अधिक नरांशी मीलन करते, शिवाय एका पोळ्यावर एकीमागून एक राण्या होत जातात, आणि त्यामुळे पोळ्यातल्या माश्यांचे नाते त्या तीन-चतुर्थांशाच्या बरेच खाली येते. लाभ उरत नाही, तरी सेवा चालूच राहते."

"मग?"

"मग त्यांनी अन्यत्र शोध घेतला. एकटीने पोळे घातलेली मादी आपली पिल्ले मोठी होण्याआधी मेली, आणि अशा माश्या लवकर मरतात, तर तिचे सगळे श्रम वाया जातात. अळ्यांना भरवणारे दुसरे कोणी नसते. पोळ्यात राहून सेवा करणारी मेली, तर तिने अर्धवट वाढवलेली अळी दुसरी एखादी पुढे वाढवते, आणि तिच्या श्रमांचे फळ तिच्या मरणानंतरही पदरात पडते. हा विचार त्यांनी १९९० साली मांडला. आणि आणखी एक गोष्ट. नुकत्याच जन्मलेल्या माद्यांना एकेकटे ठेवून, हवे तेवढे अन्न देऊनही, त्यांतल्या जवळपास निम्म्याच अंडी घालतात असे आढळले. म्हणजे पोळे सोडण्याचा पर्याय सर्वांना दिसायला सारखा असला, तरी तो पेलण्याची क्षमता सर्वांना सारखी मिळालेली नसते."

यावर रावसाहेब काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जो आक्षेप काढला तो निराळ्याच पातळीवरचा होता. त्यागासारख्या गोष्टीचा असा जमाखर्च मांडणे त्यांना रुचत नव्हते. ज्या कृतीला आपण निःस्वार्थ म्हणून मान देतो तिच्या मुळाशी नफातोटाच शोधायचा ही वृत्ती तरुण मनाला कोरडे करील, असे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. भाचीने सांगितले की हा हिशेब माशी मांडत नाही; तो लक्षावधी पिढ्यांत, कोणाच्याही मनात न शिरता, आपोआप घडत गेला आहे; आणि माशीकडून मनुष्याने सदाचार शिकावा किंवा सोडावा असे सांगण्याचा अधिकार कीटकशास्त्राला नाही. मला स्वतःला हे उत्तर योग्य वाटते. रावसाहेबांना ते अपुरे वाटले, आणि तसे त्यांनी सांगितलेही.

पण पोळ्याचा कारभार कोण पाहतो, हा प्रश्न मात्र त्यांनीच पुढे काढला, आणि तेव्हापासून त्यांच्या आवाजात प्रतिवादीचा ताठरपणा राहिला नाही. राणी हुकूम देत असेल, आळशांना कामाला लावत असेल, अशी त्यांची समजूत होती. भाचीने सांगितले की या जातीची राणी पोळ्यावरच्या सर्वांत शांत माश्यांपैकी एक असते. ती क्वचितच कोणाशी भांडते. अन्नासाठी बाहेर जाण्याच्या कामावर तिचे नियंत्रण नसते, ते कामकरी माश्या आपसांतल्या दाब-दडपणाने चालवतात. राणीला उचलून बाजूला केले, की मात्र थोड्याच वेळात इतके दिवस इतरांसारखीच असलेली एक माशी एकाएकी अत्यंत आक्रमक होते. राणी परत ठेवली तर निवळते. न ठेवली तर आठवड्याभरात शांत होऊन अंडी घालू लागते आणि नवी राणी बनते.

"म्हणजे वारस आधीच ठरलेला असतो," रावसाहेब म्हणाले. "त्याची नोंद कुठे असते?"

"हाच प्रश्न गदगकरांनी कैक वर्षे विचारला, मामा. राणी असताना पोळे पाहून तिची वारस कोण हे आम्हाला सांगता येत नाही. ती सर्वांत भांडखोर नसते, सर्वांत मोठ्या अंगाची नसते. वयाशी थोडासा संबंध दिसतो, पण तोही खात्रीचा नाही. म्हणून त्यांनी पोळे मधोमध तारेच्या जाळीने विभागले, माश्या दोन्ही बाजूंना वाटल्या, राणी एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला एक माशी आक्रमक झाली. मग राणीला त्या बाजूला आणले आणि त्या आक्रमक माशीला पहिल्या बाजूला ठेवले. काही वेळा पहिल्या बाजूच्या माश्यांनीही त्याच माशीला आपली म्हणून मानले. काही वेळा त्या बाजूला दुसरीच माशी पुढे आली. आणि या दुसरीला दोन्ही बाजूंनी मानले, इतकेच नव्हे तर आधी पुढे आलेलीने स्वतः माघार घेतली. कोणी कोणाला आव्हान दिले नाही. आपल्याला जो वारस कळत नाही तो त्या माश्यांना कळलेला असतो, असा त्याचा अर्थ."

पंचनाम्यांवर आणि भाऊबंदकीच्या खटल्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकतो. वतनासाठी सख्ख्या भावांची डोकी फुटलेली त्यांनी पाहिली होती. पण त्यांनी त्यातून कोणताही उपदेश काढला नाही. त्यांनी इतकेच विचारले, की जाळीपलीकडे राणी जिवंत असूनही अलीकडच्यांना ती नाही असे का वाटले.

"कारण तिच्या असण्याची खूण हवेतून पसरत नाही. ती आपले पोट पोळ्याच्या पृष्ठभागावर घासते, आणि त्या वाटे एक द्रव्य पोळ्याला लागते. ते द्रव्य तिच्या नांगीजवळच्या एका ग्रंथीतून येते. त्या ग्रंथीला द्युफूरची ग्रंथी म्हणतात."

इथून पुढचा भाग मला या संभाषणातला सर्वांत मोलाचा वाटतो. लेओं द्युफूर हा फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद प्रांतातला वैद्य, कीटकांच्या शरीररचनेचा निष्णात अभ्यासक. एका जातीची एकलकोंडी गांधीलमाशी चमकदार भुंगेरे पकडून बिळात साठवते आणि ते कुजत नाहीत, हे पाहून त्याने असे अनुमान केले होते की माशी आपल्या विषाने त्यांना मारून टिकवून ठेवते. त्याचा हा निबंध दक्षिण फ्रान्समधील एका गरीब, मुलाबाळांच्या संसाराने गांजलेल्या तरुण शिक्षकाच्या हाती पडला. तो शिक्षक म्हणजे झां आंरी फाब्र. त्याने तशाच एका शिकारी गांधीलमाशीचे निरीक्षण केले आणि १८५५ साली दाखवून दिले की साठवलेले भुंगेरे मेलेले नसतात. माशी त्यांच्या मज्जातंतूंच्या केंद्रावर नेमका दंश करून त्यांना केवळ लुळे करते, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अळीला ताजे अन्न मिळते. आपली चूक दाखवणाऱ्या या अनोळखी तरुणाला वयोवृद्ध द्युफूरने स्वतः पत्र लिहून शाबासकी दिली. पुढे फाब्रची अध्यापकी सुटली, पाठ्यपुस्तके लिहून त्याने कुटुंब पोसले, आणि १८७९ साली, पंचावन्न वर्षांचा असताना, सेरिन्यां गावाजवळ दगडधोंड्यांची, काटेरी झुडपांची एक पडीक जमीन घेतली. कारण पिकाला निरुपयोगी असलेली तीच जमीन मधमाश्यांना आणि गांधीलमाश्यांना प्रिय होती. कीटकांवरच्या त्याच्या आठवणींचे दहा खंड त्या साली सुरू होऊन १९०७ पर्यंत चालले.

"द्युफूरने ग्रंथी पाहिली तेव्हा ती कशासाठी असते हे त्याला ठाऊक नव्हते," भाची म्हणाली. "दीडशेहून अधिक वर्षांनी बंगळूरला तिच्यातून राणीची खूण सापडली. त्याला कोणी विचारले असते, की याचा उपयोग काय, तर त्याला उत्तर देता आले नसते."

"आणि तुम्ही म्हणालात ते वाट चुकलेले दहाजण," ती पुढे म्हणाली, "त्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. कनिष्ठ संशोधन-शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि ती वेळेवर येईलच अशी शाश्वती नाही. प्रबंधाला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर कायम जागा फार थोड्या. माश्या डसतात, आणि काहींच्या शरीराला त्या विषाचे वावडे निघाले तर प्राणावर बेतते. म्हणून वैद्याला विचारल्यावाचून या कामात उतरू नये. हे त्याला मी सांगितले आहे. आपल्या कामावर कोणाचे नाव चढणार नाही, पण आपण नीट ठेवलेल्या नोंदी पुढच्याच्या उपयोगी पडतील, एवढ्यावर ज्याचे मन भागते त्यानेच यात यावे, असे माझे मत आहे."

रावसाहेबांनी नातवाला हाक मारली. मुलगा दाराआडच उभा असावा. तो लगेच आला. "तुला नेमके काय पाहायचे आहे?" त्यांनी विचारले. "माश्या पाहायच्या आहेत, हे उत्तर मला चालणार नाही."

मुलगा काहीसा अडखळत म्हणाला, की मागच्या बाजूच्या पोळ्यावर नर जन्मतात, थोडे दिवस बसून खातात आणि निघून जातात. ते एकाही अळीला भरवत नाहीत. त्यांना ते येतच नाही की ते करत नाहीत, हे त्याला पाहायचे होते.

"हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे," भाची म्हणाली, आणि तिचा आनंद तिला लपवता आला नाही. "माद्या काढून घेऊन नरांना मुबलक अन्न हाती दिले, तेव्हा त्यांनी अळ्यांना भरवले. म्हणजे त्यांना ते येते."

"मग एरवी का भरवत नाहीत?" मुलाने विचारले.

"अन्न त्यांच्या हाती पडत नाही, आणि माद्या असताना त्यांना संधीही मिळत नाही, हे त्याचे एक उत्तर आहे. ते पुरेसे आहे का, हे तू पाहा."

रावसाहेबांनी दोन वर्षांची मुदत दिली. तेवढ्या काळात पदव्युत्तर प्रवेश मिळवायचा, आणि रोजची नोंद तारीखवार, दुसऱ्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात ठेवायची, ही त्यांची अट. सरकारी तिजोरीबाबतचे आपले मत बदललेले नाही, असेही त्यांनी भाचीला बजावले. दोन वर्षांत अशा प्रश्नाचा निकाल लागत नाही, असे भाचीचे म्हणणे होते, आणि मुदत पाच वर्षांची करावी म्हणून ती निघेपर्यंत त्यांच्याशी वाद घालत राहिली.